उभी गाडी

हरतालिकेच्या सकाळी बाबांनी स्कूटरला बेचाळीस किका मारल्या. मी मोजल्या नव्हत्या, आईनं मोजल्या. ती ओटीवर पत्री निवडत बसली होती आणि दर किकेला तिचा हात थांबत होता, हे तिनंच मला रात्री सांगितलं. पाऊस नुकताच उघडला होता, पागोळ्या अजून गळत होत्या आणि पडवीत बाबा घामानं निथळत उभे होते. आधी चोक ओढून, मग चोक बंद करून, मग गाडी एका अंगावर कलती करून, मग प्लग काढून, पुसून, पॉलिश पेपरनं घासून. प्लग ओला येत होता. ठिणगीही पडत होती. तरी इंजिन नुसतं खोकायचं आणि गप्प व्हायचं. शेवटी त्यांनी हँडल सोडलं, सीटवर तळवा टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं, बाय."

यंदा आमचा गणपती शेजारच्या रिक्षातून घरी आला.

तसं बघितलं तर एवढंसंच झालं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाची चौतीस वर्षांची चेतक एका सकाळी सुरू झाली नाही. कुणाला सांगितलं तर म्हणेल, भंगारात द्या की आता. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. बाबा चूक कबूल करायला मागेपुढे पाहणारे नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी जेवायला बसण्याआधी सांगून टाकतात. यंत्राच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. घरातली शिलाई मशीन, विहिरीवरचा पंप, भिंतीवरचं चावीचं घड्याळ, सगळं त्यांच्या हातात वर्षानुवर्षं नीट चाललेलं. त्यामुळे ते जेव्हा माझंच चुकलं म्हणाले, तेव्हा मला वाटलं, यांना आपलं वय झाल्याची खात्री आज, या पडवीत, या गाडीपाशी पटली. डोळ्याच्या ऑपरेशननं जे झालं नव्हतं ते या बेचाळीस किकांनी केलं.

बाबा जिल्हा परिषदेच्या गुरांच्या दवाखान्यात होते. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण देवरुखच्या आसपासच्या वाड्यांत सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे, अजूनही म्हणतात. १९९१ साली स्कूटर घेतली ती नोकरीसाठी. तोवर एसटीनं जायचं, पुढे चालायचं, आणि तेवढ्यात गाय अडलेली असायची. माझ्या लहानपणाचा वास कुणी विचारला तर मी सांगेन, चेतकच्या डिकीचा: टिंक्चर आयोडीन, ओला कापूस, रबरी हातमोजे आणि या सगळ्यावर पेट्रोलची एक पातळ साय. रात्री-अपरात्री खळ्यात कुणी तरी बॅटरी घेऊन उभं राही, "डॉक्टर, म्हस आडलीय" म्हणे, आणि बाबा लुंगीची पँट करेपर्यंत आई पडवीतला दिवा लावी. मग किक. एका किकेत, फार तर दोन. तो फटफट आवाज घाटीच्या वळणापर्यंत ऐकू यायचा, तिथं गिअर बदलल्याचा एक हेल यायचा आणि मग मी झोपायची. आवाज सुरू झाला म्हणजे म्हैस वाचणार, असा माझ्या डोक्यात हिशोब होता. तो नेहमी खरा ठरायचा नाही, पण सकाळी खरवसाचं भांडं आलं तर ठरला असं समजायचं.

आणि गणपती. दर वर्षी हरतालिकेला, चित्रशाळेतून. बाबा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत हे काम माझं होतं. खडबडीत रस्त्यावर बाबा गाडी पहिल्या गिअरवर इतकी हळू चालवायचे की शेजारून चालणारी माणसं पुढे निघून जायची. दोन्ही हात मूर्तीला, म्हणजे मला धरायला काही नाही. तोल सगळा बाबांच्या चालवण्यावर. इंजिनाची ती थरथर पाटातून मांडीत, मांडीतून दातांत यायची. लग्न झाल्यावर माझ्या जागी भाचरं बसली. गाडी तीच.

पावसाळ्यासाठी बाबांचे काही ठरलेले नियम होते. पहिला, मे सरता सरता टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा राहत नाही आणि पत्रा गंजत नाही. दुसरा, टूटी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिनाचं वंगण, स्वतःच्या हातानं, लिटरला २० मिलि, इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून. पंपावरच्या पोराच्या अंदाजावर त्यांनी ते कधी सोडलं नाही. तिसरा, गाडी पडवीच्या आतल्या अंगाला, स्टँडवर, खाली फळकुट. चौथा, दर रविवारी एकदा किक मारून पाच मिनिटं चालवायची. कोकणातल्या पावसात भिंतीवर बुरशी येते, कपाटातले चामड्याचे पट्टे हिरवे होतात, मीठ बरणीत पाणी सोडतं. पण बाबांची गाडी रविवारी सुरू होतेच, हे वाडीला ठाऊक होतं. यंदा जूनमध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला दोघं माझ्याकडे पुण्याला आले आणि मी त्यांना श्रावण संपेपर्यंत सोडलं नाही. निघताना बाबांनी टाकी भरली होती, ऑइल मोजलं होतं, फळकुट ठेवलं होतं. फक्त अकरा-बारा रविवार चुकले. मला वाटतं, बाबा तीच आपली चूक म्हणून मनात धरून बसले होते, आणि ते रविवार माझ्यामुळे चुकले होते.

गणपतीत गॅरेजवाला मिळणं शक्य नव्हतं. गौरी-गणपती बोळवल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला. बाबांच्या हाताखालून त्याच्या आज्याची गुरं गेलेली, त्यामुळे तो गाडीकडे जाण्याआधी बाबांच्या पाया पडला. मग त्यानं किक मारलीच नाही. सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं, नाक नेलं आणि नुसता मागं सरला. "डॉक्टर, एक बाटली द्या. काचेची." बाबांनी आतून कॅल्शियमची जुनी बाटली आणली. व्यालेल्या गाईला अंगातलं कॅल्शियम उतरलं की शिरेतून देतात ती, जाड काचेची, रबरी बुचाची. अशा रिकाम्या बाटल्या आमच्याकडे अजून फळीवर आहेत. आई त्यात खोबरेल ठेवते. त्यानं पेट्रोलची नळी काढली. नळी बोटाला चिकटली, वितळल्या गुळासारखी. पहिली धार बाटलीत घेतली, मग टाकी कलती करून वरचंही थोडं घेतलं, बूच लावलं आणि बाटली पडवीच्या कठड्यावर उजेडाला ठेवली.

आम्ही चौघं बाटलीकडे बघत राहिलो.

आधी सगळं गढूळ होतं. मग जसं दूध तापवून ठेवल्यावर साय धरायला लागते तशी मधोमध एक रेघ उमटली. वर निळसर, ऑइलचा रंग घेतलेलं पेट्रोल. खाली जवळजवळ बिनरंगाचं, तळाशी गंजाचे चार तांबूस कण असलेलं दुसरंच काही. रेघ इतकी स्वच्छ की पट्टी लावून ओढल्यासारखी. त्यानं बाटली हलवली, सगळं पुन्हा गढूळ झालं, आणि मिनिटाभरात रेघ पुन्हा जागच्या जागी. "तुमचा काय चुकला नाय, डॉक्टर," तो म्हणाला. "पेट्रोलच बदललाय."

त्यानं जे सांगितलं ते नंतर मी वाचून, विचारून पडताळून पाहिलं, आणि ते तसंच आहे. पंपावर आता जे मिळतं त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि अल्कोहोलला पाण्याची ओढ. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते थेंबा-थेंबानं तळाशी बसायचं. कॉक उघडून चमचाभर सोडून दिलं की काम झालं. आताच्या पेट्रोलमध्ये पाणी आधी विरघळतं, कुणाला दिसतही नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली, किंवा रात्रीची हवा थंड झाली, की पाणी एकटं खाली जात नाही, अल्कोहोललाही ओढून घेऊन जातं. मग तळाशी चमचाभर नाही तर टाकीचा चांगला हिस्सा असा थर साचतो, आणि कार्ब्युरेटरला जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते. आमच्या टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर चिरलेला होता आणि वरचं एक कौल सरकलं होतं. हवेतली ओल तर होतीच, वर तीन महिने थेंब थेंब.

"सुरू झाली नाय तेच बरा झाला," असंही तो म्हणाला, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ऑइल पेट्रोलबरोबर वर राहिलं होतं. खालच्या थरात ते जवळजवळ नव्हतंच. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते इंधनात मिसळलेल्या ऑइलमधूनच. ती गाडी त्या पाण्या-अल्कोहोलवर कशीबशी चालली असती तर चित्रशाळेच्या वाटेवर पिस्टन जाम झाला असता. मागे मूर्ती घेऊन माझी भाची बसणार होती.

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा त्याच्या पोटात पांढरी भुकटी होती, भिंतीला लोणा लागतो तशी. फ्लोटची सुई चिकटून बसलेली. पितळी जेटच्या भोकात हिरवट खडा. गॅरेजवाल्यानं ब्रेकच्या तारेतला एक केस सोडवून त्या भोकातून आरपार घातला आणि ते भिंगासारखं डोळ्याला लावून आकाशाकडे पाहिलं. मग ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी आधी डावा, म्हणजे नवा डोळा लावला. "दिसतंय," म्हणाले. त्या चार अक्षरी शब्दात गेल्या आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा नेहमीचा आवाज होता.

पुण्यात मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते. तिला आमच्याकडे सगळे एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण गाड्यांच्या चाचण्या घेणारी ती संस्था तिच्या अंगालाच आहे. बाटलीतली रेघ पाहून परत आल्यावर त्या वाटेनं जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. इथेनॉलबद्दल मी जे जे वाचलं होतं ते सगळं किलोमीटरमध्ये होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मायलेजचा अंदाज आहे: जुन्या पेट्रोलसाठी बनलेल्या, १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट, तशाच चारचाकींना ६ ते ७ टक्के. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोक फार बोलू लागले तेव्हा सरकारी खुलासा आला की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च फार नाही. हे सगळं खरंही असेल. पण तो हिशोब चालत्या गाडीचा आहे. जी रोज चालते तिच्या टाकीत पेट्रोल आठ दिवसांच्या वर राहतच नाही; तिला रेघ कधी दिसणार नाही. आमच्या गाडीनं त्या तीन महिन्यांत शून्य किलोमीटर काटले आणि तेवढ्यात तिची नळी वितळली. उभ्या गाडीचं मोजमाप कशात करायचं? पावसात, ओलीत, चुकलेल्या रविवारांत. ते कुठल्या कोष्टकात मला दिसलं नाही.

आणि आमच्याकडे उभ्या राहणाऱ्या इंजिनांना तोटा नाही. कोकणातली कितीतरी घरं कुलपात असतात. शिमगा, मे महिना, गणपती, एवढ्यापुरती दारं उघडतात. त्या घरांच्या पडव्यांत ताडपत्रीखाली कुणाची बाइक, कुणाची स्कूटी. मुंबईकर येतो, ताडपत्री काढतो, किक मारतो. आंब्याच्या बागांतले ग्रासकटर पावसाअखेरी गवत काढायला बाहेर येतात आणि मग पुढचा पावसाळा येईपर्यंत वळचणीला टांगलेले. लग्नमंडपवाल्याचा जनरेटर. फवारणीचा पंप. यातलं प्रत्येक इंजिन टाकीत थोडं पेट्रोल ठेवून उभं असतं, कारण आजवर तसंच ठेवायची रीत होती आणि ती रीत चुकीची नव्हती.

आता दुसरी बाजू, जी माझ्या घरातच आहे. माझं सासर वाळवा तालुक्यातलं. आंबा घाट चढून गेलं की माहेरचा पाऊस संपतो आणि सासरचा ऊस सुरू होतो, असं मी मुलांना सांगत आले. माझ्या सासऱ्यांचा अडीच एकर आडसाली ऊस असतो. हंगामात कारखान्याच्या बाजूनं वारा आला की साखर काढून उरलेल्या मळीचा तो गोड-आंबूस वास अंगणात येतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. नवीन होते तेव्हा मला मळमळायचं, आता तो आला नाही तर तोड लांबली की काय म्हणून मी विचारते. मळी पूर्वी ओझं होतं. आज तिच्यातून, आणि थेट रसातूनही, इथेनॉल निघतं. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर. २०२४-२५ च्या हंगामात रसाच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दिले. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर येतात, आणि ते आले की उसाच्या पैशांची पहिली उचल वेळेवर जमा होते. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते कसे मिळायचे नाहीत हे मी लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या घरात पाहिलं आहे. सासूबाई बँकेचं पासबुक भरून आणायला कुणाला तरी पाठवायच्या आणि ते तसंच परत यायचं. ७ डिसेंबर २०२३ ला, पाऊस कमी झाला म्हणून, रसापासून इथेनॉल करायला सरकारनं अचानक बंदी घातली, तेव्हा सासरे दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुढे ती सैल केली. म्हणून इथेनॉलला सरसकट शिव्या देणारे संदेश आले की मला ते पुढे पाठवता येत नाहीत. माझ्या मुलांच्या फीमध्ये त्याचा वाटा आहे.

हे सगळं सुरू झालं तेही आमच्याच राज्यात. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहायचे प्रयोग देशात तीन ठिकाणी झाले, त्यातलं एक मिरज आणि एक मनमाड. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ च्या जूनपर्यंत देशभर १०, आणि २० टक्क्यांसाठी ठरलेलं २०३० साल मागे ओढून २०२५ वर आणलं. शेवटचा टप्पा इतका झपाट्यानं झाला की गॅरेजवाल्यांना तो बिघाडांवरून कळला. ब्राझील १९७५ पासून या वाटेवर आहे, पण तिथं गाड्याही इंधनाबरोबर बदलत गेल्या. आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या या पेट्रोलला टिकतील अशा बनतात. त्याआधीच्या सगळ्या गाड्याही त्याच नळीखाली उभ्या राहतात, कारण दुसरी नळीच नाही. पुण्या-मुंबईच्या मोजक्या पंपांवर बिनइथेनॉलचं शंभर ऑक्टेनचं मिळतं, दीडशेच्या पुढे लिटर. देवरुखात ते कोण आणणार?

बाबांना मी हे सांगत होते तेव्हा सासऱ्यांचा फोन आला, गणपती कसा झाला विचारायला. बाबांनी व्याह्यांना सगळं सांगितलं. रेघ, नळी, पांढरी भुकटी. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग सासरे म्हणाले, "म्हंजी आमच्या उसानं तुमची गाडी बंद पाडली म्हणायची." बाबा घाईनं म्हणाले, "छे छे, तसं नाही हो." आणि मग सासऱ्यांनी हळूच विचारलं की त्यांचा फवारणीचा पंप दोन वर्षं झाली दर हंगामाला असाच सुरू होत नाही, दर खेपेला कार्ब्युरेटर बदलतात, ते पण याच्यानंच का? दोघं पाऊण तास बोलले. उसाला तोड आली तरी इतका वेळ त्यांच्यात फोन झालेला मला आठवत नाही. बाबा पंपाचा कॉक कुठे असतो ते विचारत होते, सासरे उठून गोठ्यात जाऊन बघून सांगत होते.

माझी तक्रार इथेनॉलशी नाही. ज्यांनी आयुष्यभर वस्तू जपल्या त्यांना कुणी एक ओळ सांगितली नाही, हे मला खुपतं. पंपावर हवेच्या मशीनशेजारी एक पाटी चालली असती: गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काय करावं. बाबांनी ती दहा वेळा वाचली असती, वहीत उतरवून घेतली असती. त्याऐवजी त्यांना ते बेचाळीस किकांतून कळलं, आणि मधल्या आठवडाभर त्यांनी दोष आपल्या हाताला दिला.

बाटली त्यांनी फेकली नाही. आई रोज सांगते, पेट्रोल घरात नको. ते म्हणतात, राहू दे, बूच घट्ट आहे. चुलीपासून लांब, बाहेरच्या कोनाड्यात ती ठेवली आहे आणि आल्यागेल्याला ते ती हलवून दाखवतात. पुढे त्यांनी एक प्रयोगही केला. पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, दवाखान्यातली खुणांची काचेची नळी काढली, २० मिलि पेट्रोलमध्ये सिरिंजनं बरोबर २ मिलि पाणी सोडलं, अंगठा लावून हलवलं आणि उभी करून ठेवली. "खाली किती येईल सांग," त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर विचारलं. मी दोन म्हणाले. खालचा थर पाचाच्या खुणेपुढे गेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून नव्या डोळ्यानं खूण वाचली, पुन्हा वाचली. "दुधात पाणी घातलेलं लॅक्टोमीटरवर लगेच कळायचं मला," म्हणाले. "हे मात्र मला नवीन होतं."

दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली. त्यांना न्यायला मी गेले तेव्हा गाडी सुरू होती: नवी नळी, नवा वायसर, नवं सुईचं किट, टाकी आतून धुतलेली, कौल बसवलेलं. गॅरेजवाल्यानं जाताना काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. टाकी भरायची, हा बाबांचा नियम बरोबरच आहे, हवा कमी तेवढी ओल कमी. पण झाकणातून पाणी जाता कामा नये. दोन-अडीच महिन्यांच्या वर उभी राहणार असेल तर टाकीही पूर्ण रिकामी करायची. आणि काही झालं तरी पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी चालू ठेवायची, कार्ब्युरेटरमधलं सगळं जळून ती आपोआप बंद पडेपर्यंत.

हे शेवटचं बाबांना जड जात होतं. निघायच्या सकाळी त्यांनी किक मारली, पहिल्याच किकेला सुरू झाली. त्यांनी कॉक आडवा केला आणि बाजूला उभे राहिले. सत्तर-ऐंशी सेकंद काहीच झालं नाही, इंजिन शांतपणे चालत होतं, पडवीच्या जमिनीत ती थरथर मला पायांना लागत होती. "चालती गाडी मुद्दाम बंद पाडायची," ते म्हणाले. "चौतीस वर्षं ती बंद पडू नये म्हणून जागलो." मी काही बोलले नाही. मग अचानक इंजिनाचा आवाज चढला. कुणी हात न लावता वेग वाढला, जणू घाटीच्या वळणावर गिअर बदलायची वेळ झाली. बाबांचा हात नकळत चोककडे गेला. चोक ओढला असता तर ती अजून दहा-पंधरा सेकंद चालली असती. हात तिथं थांबला आणि मागे आला. आवाज एकदा अडखळला, दोनदा, आणि थांबला.

आई ओटीवरून म्हणाली, "झालं?"

बाबांनी सीट उचलून झाकण पुन्हा एकदा पिळून पाहिलं, फळकुट पायानं नीट सरकवलं आणि घड्याळात बघून वहीत लिहिलं: कॉक बंद, एक मिनिट चाळीस सेकंद.